प्लॉटर म्हातारा झाला नाही, आपण निगरगट्ट झालो

मागच्या विकांताला गाडीच्या काचेवर लेकीचं नाव लावायचं म्हणून नेहमीच्या रेडियमवाल्याकडे गेलो. दुकानात नवा कोरा कॉम्प्युटर, विंडोज ११, आणि शेजारी प्लॉटर गप्प. काका म्हणाले, "साहेब, मशीन ठणठणीत आहे, पण नवीन कॉम्प्युटरला दिसतच नाही. इंजिनियर म्हणतो, नवीन घ्या."

हा इंजिनियर आपल्याच बिरादरीतला, म्हणून हे लिहितोय.

मंडळी, या यंत्राला कळतं तरी काय? बहुतेक प्लॉटर एचपीजीएल किंवा तिचीच एखादी बहीण समजतात. एचपीने १९७० च्या दशकात पेन प्लॉटरसाठी काढलेली ही भाषा. 'पीयू' म्हणजे पेन वर, 'पीडी' म्हणजे पेन खाली, पुढे आकडे. ४० एककं म्हणजे १ मिलिमीटर. पेनच्या जागी पातं आलं, बस्स! सगळा साधा मजकूर.

मग अडलं कुठे? ६४-बिट विंडोजवर ३२-बिट ड्रायव्हर चढत नाही, १६-बिट प्रोग्रॅम तर उघडतही नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटच येतं. वर विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचं डोंगल पॅरलल पोर्टचं. ते पोर्ट नव्या मशीनला कुठलं? म्हणजे मेलं ते कुलूप, यंत्र नव्हे.

"एक्सपीचा जुना डबा ठेवा की" असं सांगणारेही भेटतात. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्येच संपला. त्यात दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लागणार, आणि हार्डडिस्क गेली की धंदा बंद.

कंपन्यांनी जन्मभर सपोर्ट द्यावा असं मी म्हणत नाही. पण हात वर करताना किल्ली तरी देऊन जा! डोंगलची अट काढणारा एक शेवटचा पॅच, आणि मशीन कुठली भाषा बोलतं ते सांगणारं एक पान. एवढ्याने कुठली कंपनी बुडते?

रविवारी यूएसबी-सिरियल केबल घेऊन गेलो. चकटफू इंकस्केपमध्ये नाव लिहिलं, अक्षरांचे पाथ केले आणि तिथूनच थेट प्लॉटरला पाठवलं. आधी अर्ध्यातच अडखळला. फ्लो कंट्रोल जुळवल्यावर सरसर चालला. काकांनी चहा मागवला.

नवीन प्लॉटरचे पैसे वाचले, पण शेजारच्या गल्लीतल्या दुकानदाराला असा फुकटा इंजिनियर भेटेलच असं नाही. तेव्हा हापिसात पुढच्या वेळी 'लेगसी आहे, टाकून द्या' म्हणण्याआधी त्या टोकाला कुणाचं दुकान चालतंय का, तेवढं बघा राव.

असो. लेकीचं नाव मात्र झकास कापलं गेलंय!