ओळखणे, मान्य करणे आणि देणे

व्यवहारात रोज वापरले जाणारे काही इंग्रजी शब्द जुन्या नाण्यासारखे गुळगुळीत होतात; त्यांवरील छाप कोणी वाचीत नाही. ‘रेकग्नाइझ’ हे क्रियापद त्यांपैकी एक. शब्दकोशात त्याचा पहिला अर्थ ‘ओळखणे’ असा मिळतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र ‘पुन्हा जाणणे’ असा आहे. आपल्या न्यायग्रंथांत याला प्रत्यभिज्ञान म्हणतात. पूर्वी पाहिलेल्याचे स्मरण आणि समोर दिसणाऱ्याचे ज्ञान यांची सांगड पडून ‘हा तोच’ असा जो निश्चय होतो, ते प्रत्यभिज्ञान. जैन न्यायशास्त्राने स्मृती, तर्क, अनुमान आणि आगम यांच्या पंक्तीत त्याला परोक्ष प्रमाणाचा स्वतंत्र भेद मानले आहे. यातून एक गोष्ट स्पष्ट होते : जे ओळखावयाचे ते आधीपासून असते. ओळखणारा ते निर्माण करीत नाही.

या शब्दाच्या आप्तांमध्ये ओळख पटवणे, पोच देणे, कबूल करणे, दखल घेणे, मान्य करणे हे येतात. ‘देणे’, ‘बहाल करणे’, ‘मंजूर करणे’ हे मात्र वेगळ्या कुळातले. बँक कर्ज मंजूर करते. कारण मंजुरीपूर्वी त्या पैशावर अर्जदाराचा काहीही हक्क नसतो. उलट ऋणको सहीनिशी बाकी कबूल करतो, तेव्हा नवे कर्ज जन्माला येत नाही. असलेलेच कर्ज तो मान्य करतो. म्हणूनच १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम १८ नुसार, मुदत संपण्यापूर्वी अशी लेखी कबुली दिली, तर सहीच्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते.

हिशेबशास्त्रातही हाच शब्द आहे. नरसिंहम समितीच्या १९९१ च्या अहवालानंतर रिझर्व्ह बँकेने उत्पन्न केव्हा धरावे याचे नियम घालून दिले. कर्ज अनुत्पादक ठरल्यावर त्यावरील व्याज प्रत्यक्ष वसूल झाल्याखेरीज नफ्यात धरता येत नाही. थोडक्यात, नाही ते आहे म्हणून लिहू नये आणि आहे ते नाही म्हणून दडवू नये.

हा भेद केवळ कोशापुरता असता, तर त्यावर एवढी शाई खर्च केली नसती. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात त्याच्यावर गावांचे भवितव्य ठरले आहे. संसदेने २००६ मध्ये वनहक्कांचा कायदा केला. त्याच्या इंग्रजी नावातच ‘रेकग्निशन’ आहे. मराठीत आपण ‘वनहक्कांची मान्यता’ म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्यांचे हक्क नोंदले गेले नाहीत आणि त्यांच्यावर ऐतिहासिक अन्याय झाला, असे त्याची प्रस्तावनाच सांगते. म्हणजे सरकार येथे दाता नाही. ते जुनी बाकी कबूल करणारे आहे.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्काची मान्यता मिळाली. नव्या कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले होते. त्याच्या मालकीचा आणि विक्रीचा हक्क गावाचा होता. परंतु १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या व्याख्येत बांबू हा वृक्षांत मोडत होता. परिणामी हक्कपत्र हाती असूनही बांबूच्या वाहतुकीचा परवाना मिळेना. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेचे देवाजी तोफा यांच्या हाती पडले. पुढे २०१२ च्या दुरुस्त नियमांनी हे परवाने देण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडे किंवा ग्रामसभेने अधिकृत केलेल्या व्यक्तीकडे सोपविले. २०१७ मध्ये वृक्षाच्या व्याख्येतून बांबूही वगळला गेला. कागदावरची मान्यता आणि व्यवहारातली मान्यता यांत मेंढ्याला सुमारे दोन वर्षांचे अंतर कापावे लागले.

आपल्यापैकी अनेक कुटुंबांचा बांबू, तेंदूपत्ता, मोहफुले, हिरडा यांच्याशी व्यापारी संबंध आहे. त्यांच्यासाठी या क्रियापदाचा अर्थ थेट सौद्याला भिडतो. ग्रामसभेला कृपेची लाभार्थी समजणारा व्यापारी तिला वगळून वाट शोधतो. तिला मालक म्हणून ओळखणारा व्यापारी हक्कपत्र पाहतो, ग्रामसभेचा ठराव वाचतो, भाव सर्वांसमोर ठरवतो आणि रक्कम ठरल्या दिवशी ग्रामसभेच्या खात्यात भरतो. पहिल्याचा माल वाटेत अडकू शकतो. दुसऱ्याला पुढील हंगामात त्याच गावात मानाने जाता येते.

अस्तेय म्हणजे न दिलेले न घेणे, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. परंतु न दिलेले म्हणजे काय, हे कळण्यासाठी ती वस्तू कोणाची, हे आधी ओळखावे लागते. ज्याचे त्याचे म्हणून मान्य करणे हे दान नव्हे. त्याची नोंद धर्मादायाच्या खात्यावर न करता, देण्याच्या खात्यावर करावी.