चष्म्यातला चेंडू आणि हातातले पत्ते

अंगावरून वारे गेलेल्या माणसाच्या घरी गेले की हल्ली एक प्रश्न हमखास कानी पडतो. "फादर, शहरात म्हणे डोळ्यांवर चष्मा चढवून व्यायाम करून घेतात. त्याने आमच्या बाबांचा हात चालू होईल का?" कुणी त्यासाठी म्हैस विकायला निघतो. कुणी ते आपल्या ऐपतीबाहेरचे म्हणून सगळाच व्यायाम सोडतो आणि आजाऱ्याला खाटेवर निजवून ठेवतो. माझ्या मते दुसऱ्या घरचे नुकसान अधिक मोठे आहे.

या उपचाराला व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे आभासी वास्तव म्हणतात. चष्म्यासारखी पेटी डोळ्यांवर बसवली की समोर मैदान किंवा स्वयंपाकघर दिसते. आजारी हात हलवील तसा चित्रातला हात हलतो. चेंडू झेलला की गुण मिळतात. काही ठिकाणी चष्म्याऐवजी टीव्हीचा पडदाच असतो. यात जादू काही नाही. लकव्यात बिघाड हातात नसतो, हाताला हुकूम देणाऱ्या मेंदूत असतो. मेंदूच्या उरलेल्या भागाला ते काम नव्याने शिकवायचे तर तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते. आणि घोडे अडते ते इथेच. अमेरिका व कॅनडातील सात केंद्रांत केलेली एक पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. तीत व्यायामाच्या एका बैठकीत हाताच्या उपयोगी हालचाली सरासरी ३२ च भरल्या. माणूस कंटाळतो, हो! खेळ असला की तो जरा जास्त वेळ टिकतो. यंत्राचा खरा उपयोग एवढाच.

आता यंत्राची परीक्षा कशी झाली ते पाहा. कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंड या चार देशांत लकव्याच्या १४१ रुग्णांचे दोन गट केले. नेहमीचा व्यायाम दोघांनाही होता. त्याखेरीज एका गटाला निन्टेन्डो कंपनीचा 'वी' हा पडद्यावरचा खेळ दिला, तर दुसऱ्याला पत्ते, बिंगो, चेंडू असले साधे खेळ. दोन आठवड्यांत एकेका तासाच्या दहा बैठकी. २०१६ साली निकाल प्रसिद्ध झाला : हात दोन्ही गटांचे सुधारले, आणि जवळजवळ सारखेच! पुढच्याच वर्षी अशा ७२ चाचण्या एकत्र करून तपासल्या. हाताच्या कामात यंत्र नेहमीच्या व्यायामापेक्षा सरस ठरले नाही. मात्र त्या व्यायामाला जोड म्हणून दिले, तेव्हा फायदा दिसला.

म्हणून म्हणतो, म्हैस गोठ्यातच राहू द्या. असले यंत्र घ्यायचेच तर जिल्ह्याच्या इस्पितळाने घ्यावे, आणि त्याच्या आधी फिजिओथेरपिस्टची नेमणूक करावी. शिकवणाराच नसेल तर चष्मा काय करणार?

इस्पितळातून घरी सोडताना कोणती हालचाल किती वेळा करायची, हे फिजिओथेरपिस्टकडून कागदावर लिहून घ्या. पहिले काही महिने फार मोलाचे असतात. पुढे घरात कामाला तोटा नाही. भुईमुगाच्या शेंगा एका सुपातून दुसऱ्यात टाकणे, चिंचोके वेचणे, नातवंडांबरोबर पत्ते वाटणे, हे सारे व्यायामच आहेत, मात्र ते दुबळ्या हाताने करायचे. चांगला हात पुढे आला की घरच्यांनी हटकावे. सुनेने घास भरवला म्हणजे सेवा झाली असे आपण मानतो. पण हात उचलता येत असेल तर थोडे सांडू द्यावे.

इस्पितळात तो चष्मा मिळालाच तर खुशाल वापरा, पण बसून, आणि जवळ कुणी असताना. चष्मा लावल्यावर भोवतालचे काही दिसत नाही, काहींना घेरी येते, मळमळते. फिट येत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि आजाऱ्याला उठवताना दुबळा हात धरून कधी ओढू नका. त्याने खांदा निखळतो आणि मग कोणताच व्यायाम करता येत नाही.