गोड म्हणू नका

'किकुजिरो'ला (१९९९) कुणी 'काय गोड सिनेमा आहे' म्हटलं की माझं डोकंच फिरतं.

अहो, गोड काय आहे त्यात? छोटा मासाओ आईला शोधायला निघालाय आणि सोबतचा हा बाप्या प्रवासाचे पैसे सायकलींच्या शर्यतीवर उडवतो. आई सापडते ती दुसऱ्या संसारात रमलेली. मग हा दांडगट ती आपली आई नव्हेच असं पोराला धडधडीत खोटं सांगतो, आणि बाइकवाल्यांना दमदाटी करून आणलेली घंटी देवदूताची म्हणून त्याच्या हातात ठेवतो.

दुःख जात नाही, सोबत मिळते. ताकेशी कितानो एवढंच देतो. त्यावर साखर आपण पेरतो, कारण परतल्यावरही त्या पोराला आई नसणारच, हे आपल्याला बघवत नाही.