काळ्या लोहभुकटीची परीक्षा

जे एकदा प्राणवायूशी संयोग पावले त्याला पुन्हा आग कोठून लागणार, हा तर्क धातूंच्या ऑक्साइडांविषयी इतक्या सहजतेने केला जातो की, दाखल्यावर ‘ऑक्साइड’ एवढे वाचताच वखारीचा कारभारी निर्धास्त होतो. तांबड्या लोह ऑक्साइडापुरता तो तर्क यथार्थ आहे. परंतु रंगांत आणि सिमेंटच्या फरश्यांत जे काळे लोह ऑक्साइड घालतात, त्यातील एकतृतीयांश लोह अद्याप प्राणवायूचे भुकेले असते. भुकटी पुरेशी सूक्ष्म असून तिला उष्णता लाभली, म्हणजे ते हवेतून प्राणवायू ओढून घेते, काळ्याचे तांबडे होते, वजन शेकडा सुमारे साडेतीनने वाढते आणि दर ग्रॅममागे जवळजवळ अर्धा किलोज्यूल उष्णता बाहेर पडते.

चिमूटभर भुकटी तापवून पाहिली तर ही उष्णता तत्काळ हवेत विरते आणि पाहणाऱ्यास द्रव्य निरुपद्रवी भासते. ढिगाची गोष्ट निराळी. ढीग जसजसा मोठा, तसतसा त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग अल्प. त्यामुळे गर्भात उत्पन्न झालेल्या उष्णतेस निघून जाण्यास वाट उरत नाही, ती साचते, साचल्याने क्रिया अधिक वेगाने चालते, आणि ओलसर गवताची गंजी जशी आतल्या आत धुमसते तशी बाहेरून थंड दिसणारी रास आतून तापत जाते.

हे ओळखूनच संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाविषयीच्या नियमावलीत एक परीक्षा नेमून दिली आहे. दहा सेंटिमीटर बाजूच्या, तारेच्या बारीक जाळीच्या घनाकृती पेटीत भुकटी भरून ती १४० अंश सेल्सिअसच्या भट्टीत २४ तास ठेवावयाची. गर्भातील तापमान २०० अंशांच्या वर गेले किंवा द्रव्य पेटले, तर ते स्वयंतापी ठरते. २५ मिलिमीटरच्या लहान पेटीतही तोच प्रकार घडला, तर धोक्याची श्रेणी वरची. १४० हा आकडा मनःपूत निवडलेला नाही: तीन मीटर बाजूचा लाकडी कोळशाचा घन ५० अंशांवर आपोआप पेट घेतो, या प्रमाणावरून तो काढलेला आहे.

परीक्षेविषयी माझी तक्रार नाही. तिचा दाखला ज्या रीतीने वापरला जातो, तिच्याविषयी मात्र आहे. एका प्रतीच्या भुकटीस मिळालेला निर्वाळा त्याच नावाच्या, पण अधिक बारीक दळलेल्या प्रतीस बिनदिक्कत लावणे हा शुद्ध बेजबाबदारपणा होय. कारण कण जितका सूक्ष्म, तितका हवेशी त्याचा संपर्क अधिक, आणि त्या संपर्कावरच सारा निकाल अवलंबून असतो. शिवाय वाळवणयंत्रातून निघालेली भुकटी गरम असतानाच गोणीत भरली, तर भट्टीचे काम आपण स्वतःच अंशतः करून ठेवतो.

म्हणून कारखानदारांस माझी विनंती आहे की, प्रत किंवा दळण बदलताच परीक्षा नव्याने करवावी, दाखल्यावर कणांच्या आकाराचा स्पष्ट उल्लेख असावा, आणि माल पूर्ण निवाल्यावाचून गोणीचे तोंड शिवू नये.

— निरीक्षक