मालगाडीला वाट, माणसाला थांबा: हे किती दिवस?

गोंदिया-बल्लारशा मार्गावर पॅसेंजर लहान स्टेशनच्या लूप लाइनला उभी राहते, समोरून मालगाडी निघून जाते, मग आपल्याला सिग्नल मिळतो. डब्यात ब्रह्मपुरीच्या कॉलेजला निघालेली मुले असतात, चंद्रपूरच्या दवाखान्यात जाणारे आजारी असतात, रोजीवर निघालेल्या बाया असतात. गाडी तासभर अडली की कोणाचा पेपर बुडतो, कोणाची मजुरी.

मार्ग एकेरी आहे. समोरून गाडी येत असेल तर एकीला थांबावेच लागते. प्रश्न एवढाच, की दरवेळी आम्हीच का? २०२२ च्या उन्हाळ्यात वीज केंद्रांत कोळसा कमी पडला, तेव्हा रेल्वेने देशात प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द करून कोळशाला वाट दिली. प्राधान्य कोणाला, हे तेव्हाच कळले.

सांगितले जाते, मालवाहतुकीच्या कमाईवरच तुमचे स्वस्त तिकीट चालते. खरे आहे. पण तो कोळसा चंद्रपूरच्या जमिनीतला आहे, लोहखनिज सूरजागडचे आहे. धूळ आमच्या छातीत जाते. म्हणून पॅसेंजर ही आमच्यावर मेहेरबानी नाही, आमचा वाटा आहे. संविधानाचे कलम ३८(२) वेगवेगळ्या भागांत राहणाऱ्या लोकांमधली सोयी आणि संधींची विषमता दूर करण्याचा प्रयत्न करायला राज्याला सांगते. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये झाला. आजही जिल्ह्याच्या ठिकाणी रेल्वे नाही, वडशालाच जावे लागते.

आमचा मालगाडीला विरोध नाही. खनिजाचे ट्रक गावातल्या रस्त्यावरून धावण्यापेक्षा ती बरी. पण एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या २४० किलोमीटर मार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली आहे. दुसरा रूळ पडला आणि त्यावरही मालगाड्याच वाढल्या, तर आपण होतो तिथेच राहू. म्हणून मागणी आत्ताच करायची:

१. सकाळ-संध्याकाळचे ठरावीक तास प्रवासी गाड्यांसाठी राखीव ठेवा.
२. लहान स्टेशनांवरचे थांबे कायम ठेवा.
३. फक्त शेवटच्या नाही, प्रत्येक स्टेशनवरच्या उशिराची नोंद दर महिन्याला जाहीर करा.
४. वडसा-गडचिरोली मार्गावर पहिल्या दिवसापासून पॅसेंजर चालवा.

तरुणांनो, नुसत्या निवेदनाने भागणार नाही. महिनाभर वहीत गाडीची वेळ लिहा, माहिती अधिकारात अर्ज टाका, ग्रामसभेत ठराव घ्या. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, माणूस म्हणून ताठ उभे केले. त्या जिल्ह्यातल्या माणसाची वेळ कोळशाच्या वाघिणीपेक्षा स्वस्त नाही, हे आपणच ठणकावून सांगायचे.

जय भीम!