पुरत नाही? छे, पचतंय!

शनिवारी दौलताबादला घरी पोचलो, तर बॅग टेकवायच्या आत समोर डबा. दुधाच्या पावडरीचा. ताई बाळंतपणाला माहेरी आलेली, भाचेसाहेब तीन आठवड्यांचे. शेजारच्या काकूंनी निकालही देऊन टाकला होता, ‘‘दीड-दीड तासाला रडतंय, म्हणजे दूध पुरत नाही. वरचं सुरू करा.’’ ऑफिसात बारा जणांची टीम सांभाळणारी आमची ताई, डोळे सुजवून बसलेली.

मग बी.एस्सी.चं गंजलेलं ज्ञान बाहेर काढलं. गाईच्या दुधातलं सुमारे ८० टक्के प्रथिन म्हणजे केसीन, ज्याचं पनीर होतं ते. पोटात त्याचा घट्ट गोळा बनतो. आईच्या दुधात केसीन ४० टक्क्यांच्या आसपास, सुरुवातीला तर आणखी कमी. बाकी सगळं व्हे, म्हणजे पनीर गाळल्यावर पाण्यात उरतं ते. त्यामुळे पोटात होतात त्या मऊ, भुसभुशीत गुठळ्या. नवजात बाळाच्या पोटात आम्ल कमी, पाचकरस कमी. त्याला हेच झेपतं. त्यात आईच्या दुधात प्रथिनं तोडणारी एन्झाइम्सही असतात, म्हणजे निम्मी तयारी आईकडूनच! पोट लवकर रिकामं, भोंगा लवकर सुरू. पावडरीचं दूध पोटात जास्त वेळ रेंगाळतं, की लगेच ‘बघा कसं शांत झोपलं!’ कंपन्या व्हे घालून प्रमाण ६०:४० वर आणतात खऱ्या, पण ते व्हेही गाईचंच. त्यातलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन आईच्या दुधात मुळी नसतंच.

आणि सगळंच पचायचं नसतं, बरं का! गाईच्या चिकाचा खरवस थिजतो तो याच व्हे प्रथिनांमुळे. त्यात अँटिबॉडीज ठासून भरलेल्या. आईच्या चिकातल्या अँटिबॉडीज बाळाच्या पोटातून बऱ्याचशा न तुटता आतड्यात पोचतात. आमच्या किल्ल्यातल्या अंधारीत शत्रू अडकायचा. इथे मित्राला रस्ता मोकळा.

पावडर म्हणजे विष नव्हे. ज्यांना खरंच लागते, त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. पण ते रडण्यावरून ठरत नाही. भाच्याचं वजन वाढतंय, दिवसाला सात-आठ लंगोट ओले. डॉक्टर खूश. १९९२ च्या कायद्याने पावडरीच्या जाहिरातीवर बंदी आहे. काकूंवर नाही.

डबा न फोडताच कपाटावर गेला. रात्री अडीचला पुन्हा भोंगा. ताई उठली, म्हणाली, ‘‘पचलं वाटतं.’’ मी कूस बदलली.