परवाना मिळतो, सराव मिळत नाही

उत्तर प्रदेश वा बिहारमधील एखाद्या जिल्ह्यात रुजू झालेल्या मराठी अधिकाऱ्याला शस्त्रपरवान्याच्या अर्जांची रांग थक्क करते. बहुतेक अर्जांत कारण एकच, ‘जिवास धोका’. शिफारसपत्र मात्र आमदाराचे, आणि अर्जदार अनेकदा असा, की ज्याच्यापासून इतरांच्याच जिवास धोका असावा. ज्याला खरोखर धाक आहे तो छोटा व्यापारी या रांगेत बहुधा मागेच राहतो.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमात असे अभिप्रेत नव्हते. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारू नये, असे कलम १४ स्पष्ट सांगते. नकाराची कारणे लेखी नोंदवावीत, असेही तेच कलम बजावते. मात्र संरक्षणासाठी किमान वीस इंच नळीची बंदूक मागणाऱ्याला कलम १३ जी सवलत देते, ती पिस्तूल मागणाऱ्याला देत नाही. त्याच्याकडे ‘सबळ कारण’ आहे, अशी खात्री परवाना प्राधिकाऱ्याला पटावी लागते. सारा खेळ चालतो तो या खात्रीच्या आसपास. शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. १९३१ च्या कराची ठरावात तो नियमांच्या चौकटीत मान्य झाला होता. राज्यघटनेत त्याला स्थान मिळाले नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातील विनापरवाना शस्त्रांच्या प्रकरणात याचे स्मरण करून दिले. हक्क नसून मेहेरबानी असेल, तर मेहेरबानी करणाऱ्यावर जबाबदारीही येते.

ती टाळली जाते, हे सामान्य परवानाधारकाच्या पिस्तुलाकडे पाहिले की कळते. ९ मिलिमीटरचे पिस्तूल त्याच्यासाठी निषिद्ध. परदेशी शस्त्रांची सर्वसामान्यांसाठीची आयात १९८० च्या दशकापासून बंद असल्याने जुनी विलायती पिस्तुले कित्येक लाखांना विकली जातात. उरते .३२ बोअरचे देशी शस्त्र. इशापूरच्या रायफल कारखान्याचे ‘अशनी’ हे अर्धस्वयंचलित पिस्तूल त्यातलेच. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ च्या प्रारंभी स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे हलके रिव्हॉल्व्हर आणले. त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. ज्या मुलीला रात्री बसने घरी जावे लागते तिला ते परवडेल, असे कोणाला वाटले होते, हे कळावयास मार्ग नाही.

खरा प्रश्न खरेदीनंतर सुरू होतो. अर्धस्वयंचलित पिस्तूल हे रिव्हॉल्व्हरपेक्षा अधिक निगा मागणारे यंत्र आहे. गोळी सुटली की सरकता भाग मागे येतो, रिकामे काडतूस बाहेर टाकतो आणि पुढे जाताना नवे आत ढकलतो. या साखळीत मॅगझिनची स्प्रिंग ढिली झाली, नळीत काजळी साचली वा काडतूस जुने निघाले, की ऐन वेळी शस्त्र अडते. अडलेले पिस्तूल मोकळे करणे वाचून येत नाही. हाताला सवय लागते. चामडी म्यानात वर्षभर ठेवलेल्या शस्त्राला पावसाळ्यात गंज धरतो. आणि सर्वांत घातक गैरसमज म्हणजे, मॅगझिन काढले की पिस्तूल रिकामे झाले. एक गोळी नळीच्या मागच्या टोकाशी, चेंबरमध्ये तशीच राहू शकते.

रिव्हॉल्व्हर साधे, म्हणून निर्धोक, असेही नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी त्यांच्याच पायात शिरली. ते बचावले.

हे शिकण्याची सोय काय? २०१६ च्या नियमांनी प्रशिक्षणाची अट आणली खरी. पण एकदाचे प्रमाणपत्र म्हणजे कौशल्य नव्हे. सरावासाठी झाडावयाची काडतुसे परवान्यावरील ठरावीक कोट्यातूनच न्यावी लागतात, म्हणून सामान्य परवानाधारक ती जपून ठेवतो आणि कधी झाडतच नाही. निवडणूक आली की छाननीत नाव असलेल्यांना शस्त्र जमा करावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली आणि हर्षोल्हासात गोळीबार करणाऱ्यास शिक्षा ठेवली. संख्या मोजली गेली. हात मोजला गेला नाही. भारतीय न्याय संहितेतील स्वसंरक्षणाचा हक्कही आवश्यक तेवढ्याच बळापुरता आहे, आणि ते ‘आवश्यक’ किती, हे बावरलेल्या, अनभ्यस्त हाताला ठरवता येत नाही.

प्रशासनाच्या बाजूने याहून गंभीर आहे तो जम्मू-काश्मीरचा दाखला. २०१२ ते २०१६ या काळात तेथे दिल्या गेलेल्या पावणेतीन लाखांहून अधिक परवान्यांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाने हाती घेतला आणि त्यात सनदी अधिकाऱ्यांना अटकही झाली. ‘सबळ कारण’ बाजारात विकत मिळते, असा हा आरोप आहे.

उपाय फार खर्चिक नाही. नूतनीकरणाच्या वेळी शस्त्र तपासणीसाठी न्यावे लागतेच. त्याच वेळी जिल्हा पोलिसांच्या नेमबाजी मैदानावर परवानाधारकाने ते उघडून, साफ करून, काही गोळ्या झाडून दाखवाव्यात. सरावाची काडतुसे कोट्याबाहेर, मैदानावरच मिळावीत आणि तेथेच संपावीत. शिफारसपत्रावर पिस्तूल मिळवलेले किती जण त्या मैदानावर फिरकतील, हे पहिल्याच वर्षी जिल्हाधिकाऱ्यांच्या ध्यानात येईल.